फायाल काढून टाका

माझा धंदा जुन्या लाकडाचा. पाडायला काढलेले बंगले, चाळी, जुनी घरं यांतलं सागवान मी उचलतो आणि शिळफाट्याजवळच्या माझ्या वखारीत आणून रचतो. कर्जतच्या बाजूला फार्महाउस बांधणारे मुंबईचे लोक ते घेऊन जातात. या धंद्यात मला कुणी हाताला धरून आणलं नाही. सुरुवातीला दुसऱ्याच्या टेंपोत दारं चढवायचो. आता टेंपो माझे आहेत, आणि ज्याच्याकडे मी हमाली केली तो माझ्याकडून चौकटी घेऊन जातो. मला राग लवकर येतो असं लोक म्हणतात. येतो. पण सौद्याला बसलो की मी थंड असतो.

सौद्याची माझी पद्धत सांगतो, कारण ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. घर पाडणाऱ्या मालकाकडे गेलो आणि माझी नजर एखाद्या कोरीव खांबावर बसली, तर त्या खांबाकडे मी पुन्हा बघत नाही. खिडक्यांवर बोलतो, कौलांवर बोलतो, जिन्याला नावं ठेवतो. उठता उठता म्हणतो, "तो खांब तेवढा राहू द्या तुमच्याकडे, आतून गेलेला दिसतो." मालक हमखास म्हणतो, "शेठ, तोही न्या ना, इथे ठेवून मी काय करू?" खांब वखारीत येतो. ज्याला माल विकायचा असतो त्याला आपली गरज दिसली की संपलं. हे मी उपाशी पोटी शिकलोय, त्यामुळे विसरणं शक्य नाही.

आमचा एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये होता. जहाज अटलांटिक समुद्राच्या मध्यावर असताना त्याच्या पोटात दुखायला लागलं. कप्तानाने जहाज वळवलं आणि त्याला जवळच्या बेटावर उतरवलं. तिथल्या दवाखान्यातच तो वारला. अपेंडिक्स आधीच फुटलं होतं, असं नंतर कळलं. त्या बेटाचं नाव फायाल. पोर्तुगालच्या मालकीचं, पण पोर्तुगालहूनही विमानाने बरंच लांब. ज्वालामुखीतून समुद्रावर आलेल्या बेटांच्या एका पुंजक्यातलं.

ज्या दिवशी जहाज कंपनीचा फोन आला, त्या दिवशी मी लोणावळ्याच्या मागे एका दरीतल्या बंगल्यात तुळया उतरवत होतो. तिथे मोबाइलला रेंज नव्हती. मग त्यांनी मुलाने कंपनीला दिलेल्या दुसऱ्या नंबरवर फोन केला. तो नंबर माझ्या थोरल्या भावाचा. भाऊ पनवेलला राहतो, ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेला, इंग्रजी बोलणारा. त्याला विचारलं गेलं, की मृतदेह भारतात पाठवायला किती दिवस लागतील हे सांगता येत नाही, तीन विमानं बदलावी लागतील, तर पाठवायचा की तिथेच दफन करायचा. भाऊ म्हणाला, तिथेच करा. मी खोपोलीत उतरलो आणि फोन वाजायला लागला तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. माझ्या आयुष्यातला एवढा एकच सौदा माझ्या गैरहजेरीत झाला.

"त्याच्या आईला तसा बघवला नसता रे," भाऊ म्हणाला.

"तिला विचारलंस?"

"विचारण्यासारखं होतं का ते?"

त्यानंतर मी त्याच्या घरी पाणी प्यायलो नाही. तो बरोबर असेलही. त्याने माझी वाट बघायला हवी होती.

आम्ही बौद्ध. इकडे विहारात मुलाचा फोटो ठेवून वंदना घेतली, पुण्यानुमोदन केलं, माणसं जेवून गेली. मग त्याच्याबरोबर जहाजावर असलेल्या एका मुलाने तिकडचा फोटो पाठवला. काळी माती, वर एक लहानसा लाकडी क्रूस, क्रूसावर पांढऱ्या रंगात आकडा. बायको तो फोटो बराच वेळ बघत होती.

"हे कुणी लावलं?" तिने विचारलं.

"तिथं सगळ्यांना लावतात."

"आपल्याला विचारलं नाय?"

कुणाला विचारलं असेल ते मला माहीत होतं.

मग काही वर्षं गेली, आणि यंदा थंडीत तो फोटो पाठवणाऱ्या मुलाचा फोन आला. त्याचं जहाज तिथे थांबलं होतं, तो मुद्दाम जाऊन आला होता. त्याला कळलं ते असं: बेटावर जागा थोडी, म्हणून काही वर्षांनी कबर उघडतात आणि हाडं काढून दुसरीकडे ठेवतात. घरचं कुणी पुढे आलं नाही तर सगळ्यांची एकत्र. आमच्या मुलाची रांग यंदाचा तिकडचा उन्हाळा सरला की उघडणार होते.

बायकोने इतक्या वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. साडीसुद्धा मीच आणायचो आणि ती नेसायची. त्या दिवशी भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "मला एकदा तिथं जाऊन बसायचं हाय. उघडायच्या आधी."

"जाऊ," मी म्हणालो.

भिसेगावात एक मुलगी घरातूनच सहली ठरवून देते. मोठ्या ग्रुपच्या सहली नव्हेत. ज्याला जे हवं तसं, एकेका कुटुंबासाठी वेगळं. मुंबईत नोकरी करत होती, लॉकडाऊनमध्ये घरी आली आणि घरीच राहिली. तिच्या वडिलांना मी घराचं दार दिलं होतं, म्हणून ओळख. आम्ही दोघं गेलो. तिने ते दार दाखवलं, पॉलिश केलं होतं, चहा दिला आणि लॅपटॉप उघडला.

"काका, कसा प्लॅन हवाय? निवांत, की फिरायचंय?"

"फिरायचं," मी म्हणालो. "ज्वालामुखी वगैरे बघावेत म्हणतो. अटलांटिकमधली बेटं आहेत ना, पोर्तुगालची?"

"अझोर्स? काका, कमाल आहे. लोक माझ्याकडे दुबईच्या पुढे सरकत नाहीत."

"टीव्हीवर बघितलं."

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि मग चहाच्या कपाकडे. तिला वाटत होतं मी आता सांगेन. मी सांगणार नव्हतो. एक तर धंद्याची सवय. आणि मुलाच्या मातीवर मला कुणाची दया नको होती, सवलत नको होती, कुणी आवाज खाली आणून बोललेलं नको होतं. पैसे टाकायचे, जायचं, बसायचं, यायचं.

चार दिवसांनी तिने प्लॅन दाखवला. मोठं बेट साव मिगेल, तिथली तळी, गरम पाण्याचे झरे, जमिनीच्या उष्णतेवर शिजवलेलं जेवण. आणि पुढे, मी न मागता, दोन रात्री फायाल. खांब समोर उभा होता. मी त्याच्याकडे पुन्हा बघितलं नाही.

हॉटेलवर बोललो. नाश्त्यावर बोललो. गाडी मोठी कशाला म्हणालो. ती प्रत्येक वेळी हसून सांगत होती की हे रेट तिचे नाहीत, तिकडचे आहेत, आणि तिकडे घासाघीस चालत नाही. सगळीकडे चालते. मी वही मिटल्यासारखा हात केला आणि म्हणालो, "असं करा, हे फायाल काढून टाका. काय आहे तिथं?"

"ज्वालामुखीची राख आहे काका. एक दीपगृह त्यात अर्धं गाडलं गेलंय. लोक तेच बघायला जातात."

"राख आमच्या वखारीमागे पण आहे. या कधी बघायला."

ती खळखळून हसली. "चालेल. काढते मग."

आता तिने म्हणायला हवं होतं, राहू द्या काका, तेवढं माझ्याकडून. कुठलाही धंदेवाला म्हणाला असता. ती टाइप करत राहिली. बाहेर रिक्षाजवळ आलो तर बायकोचा चेहरा पांढरा पडला होता.

"काढलं तिनं," ती म्हणाली.

"परत टाकेल. दोन दिवसांत फोन करून स्वतः टाकेल, बघ तू."

"आणि नाय टाकलं तर?"

"धंदा तू शिकवणार का मला?"

ती रिक्षात जाऊन बसली.

फोन आला. मुलगी फार खूश होती. फायाल काढल्यामुळे साव मिगेलला दोन रात्री वाढल्या, आणि तिने तळ्याकडे तोंड असलेली खोली मिळवली होती. "तुम्ही म्हणालात अगदी तसं जमलं काका. धावपळही वाचली." मी साव मिगेलला नावं ठेवायला सुरुवात केली. एकाच बेटावर माणूस किती तळी बघणार, असं म्हणालो. तिने लगेच तिसरंच एक बेट सुचवलं, तिथे गाई फार छान असतात म्हणे. मी म्हणालो, गाई बघायला मी समुद्र ओलांडू का? मी आवाज चढवला, दुसऱ्याकडे जातो म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, "तुमची मर्जी काका. फक्त व्हिसाची अपॉइंटमेंट हातची जाऊ देऊ नका, पुढची मिळणं कठीण आहे."

दुसऱ्याकडे गेलोही. खालापूरला एक जण बसतो. त्याने अझोर्स हे नाव दोनदा विचारलं आणि मला थायलंड दाखवलं.

असे दिवस गेले. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले, फोटो काढले. अर्जाला जोडलेल्या प्लॅनमध्ये फायाल नव्हतं. मला अजून वाटत होतं, तिकिटं पक्की करायच्या वेळी ती काहीतरी वर टाकेल. शेवटच्या क्षणी सगळे टाकतात. व्हिसा आला. जाण्यायेण्याच्या तारखांपुरताच.

इकडे वस्तीत बातमी फिरली होती की आम्ही परदेशी फिरायला चाललोय. मी ती खोडून काढली नाही. विहारात वंदनेनंतर एका बाईने बायकोला सगळ्यांच्या देखत म्हटलं, "मजा हाय गं तुझी. पोरगा गेला, आता समुद्र बघा, डोंगर बघा." बायकोने घरी येऊन मला यातलं काही सांगितलं नाही; मला हे नंतर दुसऱ्याकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाची साडी बदलून बाहेर पडली. मला वाटलं बाजारात गेली.

दुपारी मी एका गिऱ्हाइकाला चौकट दाखवत होतो. वखारीच्या फाटकात स्कूटर थांबली. भिसेगावची मुलगी चालवत होती आणि मागे माझी बायको, मुलाच्या फोटोची पिशवी छातीशी धरून. मुलगी सरळ माझ्यापाशी आली. रडून डोळे सुजले होते.

"काका, राख आमच्या वखारीमागे पण आहे, असं म्हणालात तुम्ही."

"म्हणालो."

"आणि मी हसले."

गिऱ्हाईक आमच्याकडे बघायला लागलं. मी त्याला उद्या ये म्हणालो. तो गेल्यावर माझा तोल गेला. "तुला कळायला पाहिजे होतं. आमच्यासारखा माणूस एवढ्या लांब कशाला जाईल? मी कुठला राख बघणारा?"

"माझे सगळे कस्टमर तेच बघायला जातात काका. मला कसं कळणार?"

"विचारायचं."

"पहिलाच प्रश्न विचारला होता मी."

"तिच्यावर कशाला डाफरताय?" बायको म्हणाली. ती दारांच्या थप्पीवर बसली होती. "तुमी काढ बोल्ला, तिनं काढलं. आता कसं जायचं ते बघा. तिला करू द्या काय ते."

मुलीने एका आडव्या दारावर लॅपटॉप ठेवला आणि उभ्यानेच काम करायला लागली. मी पंखा तिच्याकडे फिरवला. तिने तिकडच्या माणसाला फोन लावला, इंग्रजीत बोलली, थांबली, परत बोलली. मग आम्हाला समजावून सांगितलं. तिकडे उन्हाळ्यात त्यांचे सण असतात. अमेरिकेत, कॅनडात गेलेली त्यांची माणसं तेव्हा घरी येतात. बेटांमधली विमानं लहान आणि महिनोन् महिने आधी भरलेली. शेजारच्या बेटावरून बोट जाते, पण शेजारच्या बेटाची विमानंही भरलेली. आमच्या तारखांत फायालला जाऊन दोन रात्रींनी परत यायची एक जागा होती.

"एकच?" मी विचारलं.

"एकच. दुसरी वेटिंगवर टाकते."

"तारखा पुढं ढकल."

"व्हिसा त्या तारखांचाच आहे. नवा काढायचा तर पावसाळा संपेल. तोवर तिकडे..." तिने वाक्य सोडून दिलं.

"कुणाला तरी सांग. तिथल्या एखाद्या साहेबाला. चार पैसे जास्त घे म्हणावं. आम्ही कोपऱ्यात बसू."

"काका, ती एसटी नाहीये."

ती कबरस्तानाच्या ऑफिसशीही बोलली. रांग पुढे ढकलणार नव्हते, सगळी एकदम उघडतात. पण घरच्यांनी लिहून दिलं तर आमच्या मुलाची हाडं वेगळ्या पेटीत, नाव घालून ठेवणार होते. फक्त सही त्याची हवी, ज्याने दफनाला होकार दिला होता. बाप म्हणून माझं नाव त्यांच्याकडे होतं, पण होकार माझा नव्हता. मी म्हणालो, नसली पेटी तर नसली. बायकोने माझ्यासमोर फोन उचलून भावाला लावला. "दादा, एक सही पायजे," एवढंच म्हणाली. त्याने विचारलंही नाही कशाची ते. संध्याकाळच्या आत सही करून पाठवली. याचंही मला बरं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

राहिली ती एक जागा. मुलीने विचारलं, "कुणाच्या नावाने घालू?"

ती माझ्याकडे बघत होती. बायको पनवेलच्या पुढे एकटी कधी गेली नव्हती. इंग्रजीचा एक शब्द नाही. तिकडे विमान बदललं, बॅग हरवली, कुणी काही विचारलं, तर ती काय करणार होती? मला मोडकंतोडकं येतं, मी कुठेही निभावतो. आणि आधीच एकदा मी हजर नव्हतो. माझ्या मनात काहीच शंका नव्हती, जायचं मलाच होतं. ते मला इतकं हवं होतं, म्हणून मी लॅपटॉपकडे पुन्हा बघितलं नाही.

मी म्हणालो, "हिच्याच नावाने घाल. मी काय, बघू नंतर."

बायको आता म्हणेल, मला एकटीला कसं जमंल, तुमीच जा. आणि मी थोडा वेळ नको नको म्हणेन, असा माझा हिशोब होता.

"घाल," बायको म्हणाली.

मुलीने टाइप केलं नाही. "काका, आता मी विचारून घेणार. नक्की?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. बायकोच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती मला पस्तीसएक वर्षं सौदे करताना बघत आलीय, वखारीच्या मागच्या खोलीत बसून तिने प्रत्येक शब्द ऐकलाय. मी काय करतोय हे तिला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

"नक्की," मी म्हणालो.

पासपोर्टवरचं नाव मुलीने एकेक अक्षर करून भरलं. मग तिने विचारलं की काकू तिकडे असतील तेव्हाचे तुमचे साव मिगेलवरचे दोन दिवस मोकळे आहेत, त्यात काय घालू. व्हेल बघायची बोट आहे, गरम पाण्याचे कुंड आहेत. मी म्हणालो, काही नको. तिने पुन्हा माझ्याकडे तसंच बघितलं. "खरंच काही नको," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

त्याला आता बरेच दिवस झाले. वेटिंगची यादी हललेली नाही. सुरुवातीला मी रोज सकाळी फोन करायचो, मग मुलीने सांगितलं की जागा मिळाली तर ती मध्यरात्रीही कळवेल. तिकडचा एक टॅक्सीवाला विमानतळावर बायकोच्या नावाची पाटी घेऊन उभा राहणार आहे. मुलीने तिला पोर्तुगीजमधली चार वाक्यं मोबाइलवर भरून दिली आहेत. मी त्याची आई आहे. कृपा करून मला रांग दाखवा. मला थोडा वेळ बसू द्या. चौथं पाण्याविषयी आहे. बायको ती स्वयंपाक करताना लावते आणि मागून म्हणते. तिचे उच्चार कसे आहेत मला माहीत नाही. क्रूसाचं काय करणार, असं मी विचारलं, तर म्हणाली, राहू दे, कुणीतरी हातानं केलाय तो. मेणबत्त्या आणि अगरबत्ती तिने बॅगेत सगळ्यात खाली ठेवली आहे, तिथे लावू देतील की नाही हे मुलीने अजून विचारून घेतलेलं नाही.

भाऊ परवा येऊन गेला. मी वखारीत होतो, मुद्दाम थांबलो. त्याने मुलाचा शाळेतला एक फोटो बायकोकडे दिलाय, बरोबर न्यायला.

रात्री जेवताना बायकोने विचारलं, "तुमच्याकडनं काय सांगू पोराला?"

मी पाण्याचा तांब्या उचलला, ओतलं, प्यायलो. ती घास हातात धरून थांबली होती.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि जेवायला लागली.